सतरावी सुधारणा

"एवढ्या सुधारणा छापल्या, तर लोक म्हणतील आधी काय नुसता भुसा भरला होता?"

बोर्ड जोडून देणारे आमचे फिरोजभाई माझ्या खांद्यामागे बसून पुटपुटत होते. बोलणं मला उद्देशून नव्हतं, हातातल्या सोल्डरिंगच्या पेनला उद्देशून होतं. पण तोडकर सरांची ती खोली एवढीशी, की तिथं स्वतःशी बोललेलं सगळ्यांना ऐकू यायचं.

"एकोणीसच आहेत," मी म्हटलं.

"एकोणीस! माझ्या निकाहनाम्यात एवढी कलमं नव्हती."

"म्हणूनच भाभींना तुमच्यात रोज एक सुधारणा करावी लागते."

सर हसले नाहीत. एरवी हसले असते. ते खिडकीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते, आणि बराच वेळ तीच एक काच पुसत होते.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. रविवार होता, दुपारचे तीन-साडेतीन. संध्याकाळपर्यंत आम्हाला 'ओंजळ'ची तिसरी आवृत्ती खुली करायची होती.

ओंजळ म्हणजे आमची संगणकाची भाषा. तोडकर सर आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर लोक शेती करतात, देवळाचे ट्रस्टी होतात. सरांनी भाषा केली. शेतातल्या पंपावर, स्टार्टरच्या पेटीत बसवायचा छोटासा बोर्ड असतो, त्याला काय करायचं ते मराठीत लिहून सांगता यावं एवढीच त्यांची इच्छा. भाषा उघडी होती. कुणीही घ्यावी, कुणीही आत डोकवावं, बदलावी. अट एकच, बदललं तर आपलं नाव लिहावं. नाशिककडच्या काही द्राक्षबागांत ती चालायची, चंद्रपूरच्या एका शाळेत शिकवायचे, आणि का कोण जाणे, पोर्तुगालमधला एक माणूस तिच्यावर कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडझाप करायचा. त्याला मराठी येत नव्हतं. अक्षरं तो रांगोळीसारखी बघून गिरवायचा म्हणे.

मी त्यात शिरले ती झेरॉक्सच्या वाटेनं. एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. सर त्यांच्या टिपणांच्या प्रती काढायला यायचे. बारावीनंतर मला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण समोरून चाललेला कागद न वाचता सोडायचा हा संयम माझ्यात नाही. चाळीस पानं वाचल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, एकविसाव्या पानावर तुम्ही जे लिहिलंय ते नवव्या पानाशी जुळत नाही." त्यांनी दुकानातच उभं राहून दोन्ही पानं पाहिली. मग म्हणाले, "रविवारी घरी ये." असे माझे आठ वर्षांचे रविवार गेले. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायका सत्संगाला जातात.

सरांनी एक रीत पाडली होती. दर आवृत्तीची सुधारणांची यादी निघायची आणि प्रत्येक सुधारणेपुढे दोन नावं असायची. पहिलं, सुधारणा केली कोणी. दुसरं, कोणाच्या अडचणीतून. सर म्हणायचे, दुरुस्त करणारा कुणीही मिळतो, ठेच लागलेला माणूस महत्त्वाचा. त्यामुळे आमच्या याद्यांत द्राक्षबागायतदार असायचे, सातवीतली मुलगी असायची, त्या कोंबडीवाल्याचंसुद्धा नाव होतं. जुन्या दोन याद्या सरांच्या टेबलाशेजारी तारेत ओवून टांगलेल्या असायच्या. पहिलीत सगळीकडे सरांचंच नाव. दुसरी मी सहसा उलटत नसे.

आणि दुसरी रीत अशी, की नव्या आवृत्तीनं पहिलं काम स्वतःची यादी छापायचं करायचं. यादी छापणारा प्रोग्रामही ओंजळमध्येच लिहिलेला. ती नीट छापून आली, की आमच्यातल्या सगळ्यांत नव्या माणसानं कळ दाबून आवृत्ती जगाला खुली करायची.

त्या रविवारी सगळ्यांत नवं माणूस होतं मालन शेळके.

यादीतली सतरावी सुधारणा मी स्वतः टाइप केली होती. 'रिकामी नोंद यापुढे शून्य धरली जाणार नाही. काम थांबेल आणि विचारणा होईल.' पुढे, केली: य. तोडकर. त्याच्यापुढे, कोणाच्या अडचणीतून: काहीच नाही. कोरी जागा.

ती जागा बघून मी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्म्याकडे. फिरोजभाईंनी पेनकडे.

"आली ती," फिरोजभाई म्हणाले. दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

मालन आत आली. पस्तिशीची, सडपातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला. हातात कापडी पिशवी, तिच्यात वही आणि वाटाण्याच्या शेंगा.

"सरांस्नी आणल्यात. कवळ्या हैत," तिनं शेंगा टेबलावर ठेवल्या. "उशीर झाला न्हाई न्हवं, ताई? मामंजींचं जेवाण आटपलं आन् निघाले."

"नाही गं. बस."

मालनचा नवरा हणमंत शेळके आमच्या उपसा सिंचन संस्थेच्या जॅकवेलवर पंप ऑपरेटर होता. नदीकाठच्या त्या विहिरीवरचे तीन मोठे पंप तो आणि त्याचा बाप यांनीच मिळून पंचवीस वर्षं चालवलेले. त्या रविवारच्या चौदा महिने आधी, भर दुपारी, पॅनेलमधली जळकी वायर बदलताना त्याला विजेचा धक्का बसला. मेन स्विच त्याने ओढला होता, पण स्विचचं एक पातं आत चिकटून राहिलं होतं आणि एक फेज जिवंत होती. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, लावून खात्री न करता हात घातला, सबब कामगाराचा निष्काळजीपणा. संस्थेनं माणुसकी म्हणून त्याच्या जागी मालनला घेतलं. पॅनेलवरचं आमचं खोकं, वायरीत वीज आहे की नाही ते मोजून डिस्प्लेवर दाखवणारं, ओंजळवर चालणारं, तेव्हाच उतरवलं होतं आणि जुने काट्याचे मीटर परत लावले होते. आता नवा स्विच आला होता, आणि तिसऱ्या आवृत्तीसह आमचं खोकं सोमवारी परत चढणार होतं. ते चालवायला मालन गेले दोन महिने सरांकडे शिकत होती.

शिकण्यात ती वाघ होती. पहिल्या दिवशी माउस हातात धरायला घाबरली, आणि तिसऱ्या आठवड्यात मला विचारत होती, ताई, ह्यो हिशोब दोनदा का करायला लावलाय, एकदा करून ठेवला तर चालत न्हाई का? यादीतली अकरावी सुधारणा तिच्या त्या प्रश्नातून आली होती. तिथं दुसऱ्या रकान्यात 'मालन शेळके' असं छापून येणार होतं. तिला ते अजून सांगितलं नव्हतं.

"काल साफसफाई केली जॅकवेलवर," ती वही उघडत म्हणाली. "जाळी काढली, भिंती पुसल्या. पॅनेलच्या शेजारी भिंतीवर एक पांढरा चौकोन राह्यलाय बगा. चारी कोपऱ्यांस्नी टेपच्या खुणा. काय लावलं हुतं वो तितं?"

सोल्डरिंगच्या पेनचा वास खोलीत भरला.

"कॅलेंडर असंल," फिरोजभाई शेवटी म्हणाले.

"कॅलेंडर खिळ्याला लावत्यात, फिरोजभाई. टेपनं कशाला?"

"एखाद्याकडं खिळा नसतोय."

"तुमच्याकडं नसंल," ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "त्यांनी लावलं असंल काय तर. त्यांचं काय सांगावं. नुसता धांदलीचा कारभार. चहा उतू गेला की हातानं टोप उचलायचे. बगायचं न्हाई, हात घालायचा. मामंजी अजून रोज जेवताना म्हनत्यात, एवढं शिकवलं पोराला, आन् दिवा लावून बगायला इसरला. आपल्या पोराला नावं ठेवत जेवत्यात. आन् मला बी राग येतो वो, ताई. खोटं कशाला बोलू? वर्षश्राद्धाला निवद दाखवताना बी मी मनात शिव्या दिल्या. म्हनलं, एक बल्ब लावायला काय जात हुतं तुमचं?"

ती हे सगळं शेंग सोलता सोलता म्हणाली. दाणे सरांपुढे वाटीत पडत होते.

"चहा टाकते," म्हणून मी उठले.

सरांच्या घरात बाई नव्हती. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. स्वयंपाकघरात सगळे डबे त्यांनी चिठ्ठ्या लावून ठेवले होते. साखरेवर 'साखर', आणि तिखटावर 'साखर नव्हे'. मी आधण ठेवलं तोवर सर माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"सर, सतरापुढं नाव घालू या."

"कोणतं?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी दार ओढून घेतलं. "हेमा, दुरुस्ती आपण त्याच आठवड्यात केली. सगळ्यांना पाठवली. पोर्तुगालपर्यंत पाठवली. आता कुणाला धोका नाही. मग राहिलं काय?"

"का केली ते नाही सांगितलं आपण. कुणालाच."

"अहवाल आला. विषय मिटला. आता तिला सांगून काय मिळणार? नवरा मिळणार? संस्था उद्या खोकं फेकून देईल, हिची नोकरी जाईल. भाषा मरेल ते वेगळंच. ते मी म्हणत नाही."

"ते तुम्ही म्हणताय, सर."

चहा वर आला, मी गॅस बारीक केला. सरांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं; मानेवरची कातडी, सदऱ्याचं चुकीच्या काजात घातलेलं बटण.

"अहवाल खोटा नाहीये," ते हळूच म्हणाले. "त्यानं दिवा लावला नव्हता, हे खरंच आहे."

"का लावला नव्हता?"

त्यांनी कपबश्या मांडायला घेतल्या. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. त्यांनी 'घाल नाव' म्हटलं असतं, तर ते नाव टाइप करायला माझा हात उचलला असता की नाही, मला सांगता येत नाही. मी विचारायचं आणि सरांनी नाही म्हणायचं, म्हणजे दोघांचंही भागत होतं. असं आमचं चौदा महिने चाललं होतं.

माझ्या दुकानच्या पिशवीत त्या दिवशी एक कागद होता. लॅमिनेट केलेला, चारी कोपऱ्यांना वाळलेली टेप. अपघात झाला त्या संध्याकाळी फिरोजभाईंनी तो जॅकवेलच्या भिंतीवरून उतरवला होता आणि माझ्या काउंटरवर आणून पालथा ठेवला होता. "तुमचा आहे, तुम्ही ठेवा," एवढंच बोलले. त्याच वेळी त्यांनी मला तीन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. खोक्याची मोजणारी वायर तुटलेली होती. त्यामुळं आत कुठलाच आकडा येत नव्हता. तरी डिस्प्लेवर झिरो होता. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. कागद गल्ल्याच्या खालच्या खणात पडून होता. त्या रविवारी सकाळी तो पिशवीत का टाकला, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

चहा झाला. सरांनी खुर्ची ओढून मालनला संगणकापुढे बसवलं.

"आजची कळ तू दाबायची," ते म्हणाले. "आधी ही दाब. यादी एकेक ओळ करून येईल. मोठ्यानं वाच. शेवटची ओळ आली की मग दुसरी कळ, म्हणजे झालं."

"मी? आवो, काय चुकलं म्हंजे?"

"चुकायला काही ठेवलेलंच नाही," फिरोजभाई म्हणाले. "हेमाताईंनी आठदा वाचलंय."

तिनं पदराला हात पुसले. कळ दाबली.

पहिली ओळ आली. तिनं बोट लावून वाचली, शाळेत वाचतात तशी सुटी सुटी. मोठ्या आकड्यांची बेरीज आता लवकर होते. केली हेमलता पिसाळ, कोणाच्या अडचणीतून, बागायतदार निकम. दुसरी, तिसरी. ती वाचत गेली तसा तिचा आवाज मोकळा होत गेला. पाचवीला कोंबडीवाल्याचं नाव वाचताना जीभ अडखळली, तशी स्वतःच हसली. अकराव्या ओळीवर थांबली.

"ह्ये..." तिनं आमच्याकडे वळून पाहिलं. "ह्ये माजं नाव हाय."

"तुझीच अडचण होती," सर म्हणाले.

"आन् त्ये पोर्तुगालचं मानूस बी वाचंल ह्ये?"

"बघेल तरी."

तिनं ती ओळ परत वाचली, या वेळी नाव मोठ्यानं. मग डोळ्यांच्या कडा मनगटानं टिपल्या आणि पुढे निघाली. बारा. तेरा. चौदा. फिरोजभाईंचं पेन कधीच बंद झालं होतं. पंधरा. सोळा.

आणि यादी थांबली.

मालननं कळ परत दाबली. काही झालं नाही. पडद्यावर लाल अक्षरांत एक ओळ आली होती. ती ओळ मीच लिहिलेली, कारण ओंजळचे सगळे निरोप मीच लिहायचे. रागावल्यासारखं वाटू नये म्हणून तिच्या शब्दांवर मी दोन दिवस घालवले होते.

मालननं वाचलं, "ओळ सतरा. दुसरं नाव रिकामं आहे. रिकाम्या जागेचा अर्थ मी मनानं धरणार नाही. काय आहे ते तुम्ही सांगा."

आम्ही तिघंही त्या ओळीकडे बघत राहिलो. तिघांनाही ती सुधारणा तोंडपाठ होती. सरांनी लिहिली, मी तपासली, फिरोजभाईंनी बोर्डावर शंभरदा चालवून पाहिली. रिकामं सोडलं की नवी आवृत्ती थांबणार, हे आमच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि आम्हीच ती जागा रिकामी सोडून तिला छापायला सांगितलं होतं. जुन्या आवृत्तीनं मुकाट छापलं असतं.

"माज्याकडनं बिघडलं का?" मालननं हात मांडीवर घेतले.

"नाही नाही," फिरोजभाई उठले. "विचारतंय ते. सर, माझं नाव टाका. माझी अडचण होती म्हणा आणि मोकळे व्हा."

सरांनी वाकून कीबोर्डवर बोट ठेवलं. एक आडवी रेघ मारली असती तरी भागलं असतं; रेघ म्हणजे रिकामं नव्हे. ते बोट तिथंच राहिलं. मग त्यांनी ते उचललं आणि खिडकीकडे गेले.

मालन पडद्यावर वरची ओळ वाचत होती. ओठ हलत होते. "रिकामी नोंद यापुढं शून्य धरली जाणार न्हाई." ती थांबली. "म्हंजे याच्या आधी धरायची?"

तिनं बोट त्या ओळीवरच ठेवलं.

"वायर तुटली, आन् काय कळंनाच, तरी बी शून्य दाखवायचं?"

"हो," मी म्हटलं.

"असं कशाला केलं हुतं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तारेत ओवलेल्या दुसऱ्या यादीत होतं. त्यातली सहावी सुधारणा. माझी पहिली. आधी ओंजळ रिकाम्या नोंदीला अडायची, लाल अक्षरं दाखवायची, आणि शिकणारी मुलं भेदरून उठून जायची. मी सरांना म्हटलं होतं, "सर, ही भाषा सासूसारखी आहे, एक वाटी जागेवर नाही म्हणून अख्खा स्वयंपाक थांबवते. नसेल तर शून्य धरावं आणि पुढं जावं." सर एवढे हसले होते. सहाव्या ओळीत दोन्ही रकान्यांत माझंच नाव होतं. ती यादी मी लॅमिनेट करून माहेरी पाठवली होती.

"कुनाची अडचन हुती ही, ताई?" मालननं विचारलं. आवाज शांत होता. "सगळ्यांची नावं हैत. हितंच का न्हाई?"

"हेमा," सर खिडकीतून म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. थांब म्हणाले की बोल म्हणाले, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मी पिशवीतून तो कागद काढला आणि कीबोर्डवर तिच्यासमोर ठेवला. चारी कोपऱ्यांच्या टेपवर तिचं बोट फिरलं. तिनं भिंतीवरचा चौकोन ओळखला. मग वाचलं. माझ्याच दुकानातला, माझ्याच हातचा, मोठ्या ठळक टाइपातला मजकूर: 'मेन स्विच ओढा. डिस्प्ले बघा. शून्य दिसल्याशिवाय हात लावू नका. आता टेस्ट लॅम्पची गरज नाही.'

"हणमंत शेळक्यांची," मी म्हटलं. "ते न बघता हात घालणारे नव्हते, मालन. त्यांनी स्विच ओढला आणि आम्ही सांगितलं होतं तिथं बघितलं. तिथं शून्य होतं. ते शून्य खोटं होतं. आणि ते मी लिहिलेलं होतं."